डाउन्स लिंकवरील घोडेस्वारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या आग्नेय भागात स्थायिक झालेली किंवा मुलाबाळांकडे काही महिन्यांसाठी आलेली मराठी मंडळी डाउन्स लिंकबद्दल आवर्जून विचारतात. रूळ काढून टाकलेल्या रेल्वेमार्गावरून घोड्यावर बसून जाता येते, याचे त्यांना कुतूहल असते. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या उत्तराशी जोडलेला आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डाउन्स लिंक म्हणजे नेमके काय आणि तो कोठे आहे?

डाउन्स लिंक हा सरे आणि वेस्ट ससेक्स या दोन परगण्यांतून जाणारा, सुमारे 37 मैलांचा, म्हणजे जवळजवळ 59 किलोमीटरचा मार्ग आहे. गिल्डफर्डजवळची सेंट मार्थाज हिल ही टेकडी हे त्याचे उत्तरेकडील टोक असून दक्षिणेकडे तो समुद्रकाठच्या शोरम या गावी पोहोचतो. नॉर्थ डाउन्स आणि साउथ डाउन्स या खडूच्या दगडाच्या दोन डोंगररांगा तो एकमेकींना जोडतो. पायी चालणारे, सायकलस्वार आणि घोडेस्वार अशा तिघांसाठी तो 1984 साली खुला झाला. मार्गाचा बहुतांश भाग दोन जुन्या रेल्वेमार्गांवरून जातो. त्यांपैकी एक गिल्डफर्डहून क्रॅनलीमार्गे हॉर्शमला जात असे आणि दुसरा हॉर्शमजवळून स्टेनिंगमार्गे शोरमला.

२. चालू असलेली रेल्वे बंद का केली?

स्टेनिंगचा मार्ग 1861 मध्ये आणि क्रॅनलीचा 1865 मध्ये सुरू झाला. दोन्ही मार्ग खेड्यापाड्यांतून जाणारे असल्यामुळे प्रवासी मुळातच बेताचे होते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्यावर त्यांची संख्या आणखी रोडावली. मार्च 1963 मध्ये ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ब्रिटनमधील सुमारे 5,000 मैलांचे रेल्वेमार्ग आणि 2,363 स्थानके बंद करण्याची शिफारस होती. क्रॅनलीच्या मार्गावरील गाड्या जून 1965 मध्ये थांबल्या, स्टेनिंगच्या मार्गावरील मार्च 1966 मध्ये. शोरमजवळच्या बीडिंग येथील सिमेंट कारखान्यासाठी मालगाड्या तेवढ्या 1980 पर्यंत धावत राहिल्या. ज्या गावांची गाडी गेली त्यांचे नुकसान खरे होते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र स्थानिक कौन्सिलांनी मार्गाची पट्टी तुकड्यातुकड्यांनी विकून टाकण्याऐवजी सलग राखली, म्हणून आज तेथून घोडा जाऊ शकतो. देशात इतरत्र अशा कित्येक मार्गांवर घरे उठली आणि ते कायमचे तुटले.

३. ब्रायडलवे म्हणजे काय? त्यावरून घोडा नेण्यासाठी परवाना किंवा पैसे लागतात का?

ब्रायडलवे हा कायद्याने संरक्षित असा सार्वजनिक मार्ग आहे. त्यावरून पायी जाण्याचा, घोड्यावर बसून जाण्याचा आणि घोड्याला हाताने धरून नेण्याचा हक्क सर्वांना असतो. सायकलस्वारांना हा हक्क 1968 च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने मिळाला. त्या कायद्यात एक अटही आहे, ती प्रश्न 7 मध्ये पाहा. परवाना काढावा लागत नाही, टोल नसतो आणि आपण कोणत्या देशाचे नागरिक आहात हेही कोणी विचारत नाही.

जुन्या रेल्वेमार्गांबाबत एक बारकावा ध्यानात ठेवावा. ब्रिटनमधील असे काही मार्ग पूर्ण ब्रायडलवे नसून जमीनमालकाने स्वखुशीने वापरू दिलेले असतात, आणि तशी परवानगी काढून घेता येते. म्हणून डाउन्स लिंक सोडून दुसऱ्या एखाद्या मार्गावर जायचे असेल, तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा नकाशा आणि वाटेच्या तोंडाशी लावलेली पाटी, दोन्ही पाहावीत. ‘रेल्वेची जुनी वाट आहे, म्हणजे घोडा चालत असणारच’ असे गृहीत धरू नये.

४. घोड्यासाठी रेल्वेची जुनी वाट चांगली असे का म्हणतात?

लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणाने फिरते. त्यामुळे गाडीला वेग सहज मिळतो, पण चढ लागला की चाक जागच्या जागी फिरू लागते. या अडचणीपायी रेल्वेच्या अभियंत्यांनी टेकड्या खोदून कटिंग केले, सखल जागी भराव टाकले आणि चढ इतका सौम्य ठेवला की घोड्यावर बसलेल्याला तो जाणवतही नाही. वयस्क घोडा, दुखण्यातून उठलेला घोडा किंवा नुकता बाहेरच्या रपेटीला काढलेला तरुण घोडा यांच्यासाठी ही फार मोलाची सोय आहे. वाट मोटारींपासून दूर असते, वळणे लांबलचक असल्यामुळे समोरचे दुरून दिसते आणि स्थानके गावांना धरून असल्यामुळे थोड्याथोड्या अंतरावर पाणी आणि मदत मिळू शकते.

दोष सांगायचा तर त्याच सपाटीमुळे वाट एकसुरी होते. चढउतारांवर घोड्याच्या मागच्या पायांना मिळणारा व्यायाम येथे मिळत नाही, आणि कटिंगमध्ये दोन्ही बाजूंनी दरडी असल्यामुळे घोडा बुजला तर बाजूला सरकायला जागा नसते.

५. माथेरान आणि महाबळेश्वरला मी घोड्यावर बसलो आहे. तेवढा अनुभव पुरेसा होईल का?

नाही, होणार नाही. माथेरानमध्ये बहुतेक वेळा घोडेवाला सोबत असतो, घोड्याला वाट पाठ असते आणि आपण खोगिरावर बसून असतो. येथे लगाम आपल्या हाती असतो. घोडा थांबवणे, वळवणे, कदमचालीवरून दुडक्या चालीवर नेणे आणि पुन्हा कदमावर आणणे हे स्वतःला जमले पाहिजे. रिकिबीत टाच खाली ठेवून मांड पक्की राहते का, घोडा अचानक एक पाऊल बाजूला सरकला तर तोल सावरतो का, हे आधी कुंपण घातलेल्या रिंगणात अजमावून पाहावे. माथेरानच्या अनुभवाचा एक फायदा मात्र नक्की होतो. घोड्याची उंची आणि त्याची हालचाल यांची भीती मोडलेली असते. घोड्याला कधी हातही न लावलेल्या माणसापेक्षा असा माणूस लवकर शिकतो.

६. माझा स्वतःचा घोडा नाही. भाड्याने मिळेल का?

मिळेल, पण सायकल भाड्याने घेऊन एकट्याने निघावे तसे नव्हे. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन घोडेस्वारीला घोडा देणाऱ्या प्रत्येक रायडिंग स्कूलला 2018 च्या नियमांनुसार स्थानिक कौन्सिलचा परवाना घ्यावा लागतो. नवख्या माणसाला ते स्वतःच्या शिक्षकाबरोबरच बाहेर पाठवतात. बहुतेक ठिकाणी आधी एक परीक्षा-वजा तास घ्यावा लागतो. फोनवर आपले वजन आणि उंची विचारतात, ते लपवू किंवा कमी सांगू नये. खोगिरासह स्वाराचा भार घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्क्यांच्या आत असावा असा साधारण संकेत आहे, आणि तो घोड्याच्या पाठीसाठी आहे.

शिरस्त्राण स्कूलकडूनच मिळते. चौदा वर्षांखालील मुलांनी रस्त्यावर घोडा चालवताना शिरस्त्राण घालणे 1990 च्या कायद्याने सक्तीचे आहे. मोठ्यांना कायद्याची सक्ती नसली तरी कोणतेही चांगले स्कूल त्याशिवाय खोगिरावर चढू देत नाही. भारतातून आलेल्या पाहुण्यांनी आपल्या प्रवासविम्यात घोडेस्वारी धरली आहे का, हे कागद उघडून वाचावे. कित्येक विम्यांतून ती वगळलेली असते.

७. मागून सायकल आली की घोडा बुजतो. कायद्याने वाट कोणी द्यायची आणि प्रत्यक्षात काय करायचे?

कायदा स्पष्ट आहे. ब्रायडलवेवर सायकलस्वाराने पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना वाट द्यायची आहे. 1968 च्या कायद्याने सायकलस्वारांना हक्क दिला तो या अटीसह दिला.

प्रत्यक्षात घोड्याची दृष्टी समजून घेतली की बाकीचे आपोआप समजते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते, पण शेपटीच्या थेट मागची एक पट्टी त्याला दिसत नाही. आवाज न करता मागून येणारी सायकल नेमकी या पट्टीतून येते. तो सायकलला घाबरत नाही, दबक्या पावलांनी येणाऱ्या शिकारी जनावराला घाबरतो, आणि पळायचे की नाही हा निर्णय त्याचे शरीर विचाराच्या आधीच घेते. म्हणून सायकलस्वाराने वीस-पंचवीस पावले मागे असतानाच तोंडाने हाक द्यावी. घंटीपेक्षा माणसाचा आवाज घोड्याला ओळखीचा असतो. ब्रिटिश हॉर्स सोसायटी आणि सायकलिंग यूके या संस्थांनी मिळून चालवलेल्या प्रचाराचा गाभा हाच आहे की आधी ‘हाय’ म्हणा आणि मग पुढे जा.

स्वारानेही आपला वाटा उचलायचा असतो. आमच्या तबेल्यातली एक वयस्क घोडी सायकलच्या ब्रेकचा बारीक करकर आवाज ऐकला की दोन्ही कान मागे फिरवते आणि तिची पाठ खोगिराखाली ताठ होते. तिच्यावर बसणाऱ्याला हे कळायला दीड सेकंद मिळतो. त्या दीड सेकंदात लगाम ओढून धरला तर ती अधिक बिथरते. लगाम मऊ ठेवून तिचे तोंड किंचित आवाजाच्या दिशेला वळवले आणि तिला सायकल दिसू दिली, तर ती फुरफुरून शांत होते. रुंद जागा पाहून बाजूला थांबावे, हात वर करून सायकलस्वाराला पुढे जाऊ द्यावे आणि त्याचे आभार मानावेत. आभार मानलेला सायकलस्वार पुढच्या घोड्याजवळ नक्की वेग कमी करतो.

पायी चालणाऱ्यांपाशी, विशेषतः मुले, कुत्री आणि बाबागाडी असेल तेथे, घोडा नेहमी कदमचालीवर आणावा. अर्ध्या टनाचे जनावर जवळून दुडकत गेले की जमीन हादरते, आणि घोड्याची सवय नसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. हा मार्ग तिघांचा आहे, आणि त्यांपैकी घोडेस्वार संख्येने सर्वांत कमी आहेत. घोड्यांविरुद्ध तक्रारींचा ढीग कौन्सिलकडे गेला तर हक्क कागदावर राहूनही वाट घोड्यांना नकोशी करता येते, हे प्रत्येक स्वाराने मनात ठेवावे.

८. वाट सरळ आणि सपाट आहे. मग घोडा भरधाव सोडता येईल का?

भरधाव सोडू नये. मोकळे दिसत असेल आणि जमीन चांगली असेल तर थोडा वेळ दुडकी किंवा हलकी दौड घ्यायला हरकत नाही, पण कमानीखाली, वळणावर, फाटकाजवळ आणि जुन्या फलाटांपाशी कदमचालच ठेवावी. सरळ वाटेचा एक स्वभाव असा आहे की घोड्याला एकदा एखाद्या ठिकाणी दौडवले की तो त्या ठिकाणी प्रत्येक वेळी दौडण्याची अपेक्षा करतो. पुढच्या खेपेस तेथे शाळेची मुले असतील.

९. जमीन कशी असते? नाल मारलेला घोडाच न्यावा लागतो का?

जमीन एकसारखी नाही. काही भागांत दगडाची बारीक भुकटी दाबून बसवलेली आहे आणि ती घोड्याच्या पायांना उत्तम. काही भागांत जुन्या खडीचे आणि वाफेच्या इंजिनातून पडलेल्या जळक्या कोळशाचे टोकदार तुकडे अजूनही वर येतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंची माती ही वील्ड या प्रदेशाची चिकणमाती आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कटिंगमध्ये पाणी साचते, कारण रेल्वेच्या काळातले निचऱ्याचे चर कित्येक ठिकाणी बुजले आहेत. अशा चिखलात घोड्याचा नाल निखळून पडतो. सखल चिखलाचा पट्टा दिसला तर घाई न करता मधूनच, कदमचालीने जावे. कडेने गेल्यास वाट रुंदावत जाते आणि कडेचा चर ढासळतो.

बिननालेचे घोडेही येथे जातात, मात्र त्यांचे खूर खडबडीत जमिनीला सरावलेले हवेत. नवख्या बिननालेच्या घोड्यासाठी खुरात घालायचे रबरी बूट मिळतात. घोडा नालांचा असो वा नसो, खूर साफ करायचा आकडा खिशात असलाच पाहिजे. घोडा एकाएकी एका पायावर डोके खालीवर करत चालू लागला तर लगेच पायउतार व्हावे, तो पाय उचलावा आणि खुराच्या मधल्या मऊ त्रिकोणी भागाशेजारच्या खाचेत पाहावे. पुष्कळदा तेथे खडा अडकलेला सापडतो. आकड्याचे टोक टाचेकडून बोटाकडे ओढत खडा काढायचा. उलट दिशेने ओढल्यास मऊ भागाला इजा होते.

डांबरीकरणाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सायकलींच्या सोयीसाठी अशा वाटांवर डांबर घालण्याची मागणी अधूनमधून होते. लोखंडी नालांचा घोडा ओल्या गुळगुळीत डांबरावर घसरतो, आणि सायकलींचा वेग वाढतो तो वेगळाच. दाबलेल्या दगडभुकटीवर बाबागाडी, चाकाची खुर्ची, सायकल आणि घोडा असे सर्वच जाऊ शकतात. देखभालीला थोडा अधिक खर्च आला तरी तोच पर्याय न्याय्य आहे.

१०. घोड्याला बोगद्यातून न्यावे लागते का?

डाउन्स लिंकवर न्यावे लागत नाही. बेनर्ड्स आणि रजविक यांच्या दरम्यान 381 यार्डांचा, म्हणजे सुमारे 350 मीटरचा बोगदा आहे, पण तो बंद केलेला आहे आणि मार्ग झाडीतून टेकडीवर चढून पलीकडे उतरतो. सपाटीला सरावलेल्या घोड्याला येथे पहिला खरा चढ लागतो. उतरताना स्वाराने मागे रेलू नये, पाठ सरळ ठेवावी आणि घोड्याला स्वतःची पावले निवडू द्यावीत. ज्यांना बोगद्यातूनच जायचे आहे त्यांनी डर्बीशरमधील मन्साल ट्रेलचा विचार करावा. तेथील बोगदे 2011 मध्ये खुले झाले आणि त्यांतून घोडेस्वारही जातात.

११. रजविकचा दुमजली पूल कोणता? माझा घोडा पुलावर पाऊल टाकत नाही, तर काय करावे?

रजविकच्या दक्षिणेला अरुण नदीवर एकावर एक असे दोन पूल आहेत. खालचा विटांच्या कमानीचा आणि त्याच्यावर लोखंडी तुळयांचा. रेल्वे सुरू होण्यापूर्वी सरकारी निरीक्षक कर्नल योलँड यांनी मार्ग तपासला, तेव्हा रजविक स्थानकाजवळचा 1:80 चा, म्हणजे 80 फुटांत एक फुटाचा, चढ त्यांना गाड्या थांबवण्यासाठी धोक्याचा वाटला आणि त्यांनी तो 1:130 पर्यंत सौम्य करायला लावला. त्यासाठी भराव उंच करावा लागला, आणि नुकताच बांधलेला पूल नव्या पातळीच्या मानाने बुटका ठरला. तो पाडण्याऐवजी त्याच्यावरच दुसरा बांधला. एका माणसाच्या काटेकोरपणामुळे उभी राहिलेली ही रचना पुढे डाउन्स लिंकच्या चिन्हावर आली. वरून जाताना ती नीट दिसत नाही. शेजारी खाली उतरून पाहण्याची सोय आहे, पण घोडा कोणाच्या तरी हाती देऊनच उतरावे.

पुलावर अडणारा घोडा हट्टी असतो असे नाही. टापांचा आवाज पोकळ येऊ लागतो, खाली पाणी वाहताना ऐकू येते आणि कठड्याच्या फटींतून उजेड हलतो. अशा वेळी टाच मारू नये आणि छडी तर मुळीच उगारू नये. त्याला पुलाच्या तोंडाशी उभे करून मान खाली घालू द्यावी, जमीन हुंगू द्यावी. सोबत सरावलेला घोडा असेल तर त्याला एका घोड्याच्या अंतरावर पुढे चालवावे. तेही जमले नाही तर पायउतार होऊन, दोन्ही रिकिबी वर सरकवून, त्याच्या खांद्याशी चालत न्यावे. एकदा शांतपणे पार केलेला पूल पुढच्या वेळी सहसा अडचण करत नाही.

१२. संपूर्ण वाट जुन्या रेल्वेवरूनच जाते का? लोक कोठे चुकतात?

नाही. सेंट मार्थाज हिलपासून ब्रॅम्लीजवळ पोहोचेपर्यंतचा भाग रेल्वेचा नाहीच. तो वाळूमिश्रित टेकड्यांवरून जातो. पुढे बेनर्ड्सचा बोगदा टाळावा लागतो (प्रश्न 10). क्राइस्ट्स हॉस्पिटल या निवासी शाळेजवळ वाट पुन्हा रेल्वेची पट्टी सोडते, कारण तेथे हॉर्शम आणि पलबरा यांच्यामधला मार्ग आजही चालू आहे. नवख्या घोड्याला तेथे गाडीचा आवाज अचानक येऊ शकतो, याची तयारी ठेवावी. स्टेनिंगला तर जुन्या पट्टीवर गावाबाहेरून जाणारा मोटाररस्ताच बांधला गेला आहे, म्हणून डाउन्स लिंक बाजूने वळतो. सर्वाधिक लोक चुकतात ते या वळणांवर. सरळ वाटेवर तासभर गेल्यावर पाटी शोधण्याची सवय सुटते.

१३. मोटाररस्ता ओलांडताना कोणते नियम पाळावेत?

घोडा रस्त्यावर नेण्याचा हक्क आहे, पण पायी चालणाऱ्यांच्या फुटपाथवर नेता येत नाही. डाव्या बाजूने चालावे. दोघांपेक्षा अधिक घोडे शेजारी शेजारी नसावेत आणि अरुंद रस्त्यावर एकामागून एक जावे. घोडेस्वारांचा गट रस्ता ओलांडत असेल तर सगळ्यांनी एकदम ओलांडावे. अर्धे अलीकडे आणि अर्धे पलीकडे राहिले की मागचा घोडा पुढच्याकडे झेपावतो. जानेवारी 2022 पासून हायवे कोड या रस्त्याच्या नियमांच्या सरकारी पुस्तिकेत मोटारचालकांसाठीही स्पष्ट मर्यादा आहे. घोड्याला ओलांडताना वेग ताशी 10 मैलांपेक्षा अधिक नसावा आणि किमान 2 मीटर अंतर ठेवावे. काही रस्त्यांवर घोडेस्वारांसाठी उंचावर बटण बसवलेले सिग्नल असतात, ते उतरल्याशिवाय दाबता येते.

डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. शक्यतो त्याआधी परतावे. तसे जमले नाही तर समोर पांढरा आणि मागे लाल प्रकाश दाखवणारा दिवा उजव्या हाताला किंवा पायाला बांधावा आणि उजेड परतवणारे जॅकेट घालावे.

१४. पूर्ण मार्ग एका दिवसात होईल का?

घोडा कदमचालीने ताशी सुमारे 6 किलोमीटर जातो, म्हणजे अखंड चालला तरी दहा तास लागतील. लांब पल्ल्याला तयार केलेले घोडे एका दिवसात जातात, पण सामान्य घोड्यासाठी आणि सामान्य स्वारासाठी दोन दिवस योग्य. रात्रीच्या मुक्कामासाठी घोड्याला गोठा किंवा कुरण आणि माणसाला खोली देणारी ठिकाणे असतात, पण ती आगाऊ ठरवावी लागतात, आणि ती ठरल्याशिवाय निघू नये. घोडा ट्रेलरमधून नेत असाल तर त्याचा पासपोर्ट बरोबर असणे कायद्याने आवश्यक आहे.

निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून तंग, म्हणजे खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा, पुन्हा आवळावा. खोगीर चढवताना बहुतेक घोडे पोट फुगवतात, आणि चालू लागल्यावर तंग ढिला पडतो.

१५. वाटेत घोड्याला चरू द्यावे का?

देऊ नये. रेल्वेच्या जुन्या पट्ट्यांवर विषारी वनस्पतींची कमतरता नसते. पिवळ्या फुलांचे रॅगवर्ट घोड्याच्या यकृताचा हळूहळू नाश करते. ताज्या झुडपाला घोडा कडवटपणामुळे सहसा तोंड लावत नाही, पण कापून वाळलेले झाड तितकेच विषारी असून चवीला तेवढे कडू लागत नाही. या कुळातील ऑक्सफर्ड रॅगवर्ट मूळचे सिसिलीतील एटना ज्वालामुखीच्या उतारांवरचे. ते ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातून निसटले, तेथील रेल्वेच्या खडीत त्याला मूळच्या ज्वालामुखीच्या राखेसारखी जागा सापडली आणि गाड्यांबरोबर उडणाऱ्या त्याच्या बिया देशभर पसरल्या. याशिवाय शरद ऋतूत ओकची फळे आणि सिकामोर वृक्षाच्या पंखासारख्या बिया पडतात. त्या बिया खाल्ल्यास घोड्याचे स्नायू निकामी होणारा जीवघेणा आजार होतो. कडेचा यू वृक्ष तर थोडा खाल्ला तरी मारक ठरतो.

१६. लीद उचलावी लागते का?

कुत्र्याच्या विष्ठेसाठी जशी सक्ती असते तशी ब्रायडलवेवरील लिदीसाठी नाही. तरीही फाटकात, पुलावर किंवा बाकाजवळ पडली तर उतरून पायाने बाजूला सारावी. मोटारी लावायच्या जागेत पडलेली लीद मात्र भरून घरी न्यावी, कारण तेथेच लोक मुलांना गाडीतून उतरवतात.

१७. घोडागाडी, दुसरा मोकळा घोडा किंवा ई-बाइक यांना परवानगी आहे का?

घोडागाडीला ब्रायडलवेवर हक्क नाही. त्यासाठी वेगळ्या दर्जाचे मार्ग असतात. एका घोड्यावर बसून दुसरा हाताशी धरून नेता येतो. रस्त्यावर तो आपल्या डाव्या हाताला ठेवायचा असतो. कायद्याच्या मर्यादेत बसणारी, पायडल मारावे लागणारी ई-बाइक सायकलच मानली जाते, म्हणून तिलाही प्रश्न 7 मधील अट लागू आहे. मोटारसायकल चालवणे हा गुन्हा आहे.

१८. माझ्या घोड्याने कोणाला लाथ मारली तर जबाबदार कोण?

इंग्लंडच्या 1971 च्या अ‍ॅनिमल्स अ‍ॅक्टनुसार काही परिस्थितींत घोडा पाळणाऱ्यावर त्याचा निष्काळजीपणा सिद्ध न होताही भरपाईची जबाबदारी येऊ शकते. म्हणून त्रयस्थ व्यक्तींना झालेल्या इजेचा विमा असल्याशिवाय सार्वजनिक वाटेवर घोडा नेऊ नये. ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या गोल्ड सभासदत्वात असा विमा येतो. लाथ मारण्याची खोड असलेल्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधण्याची रीत आहे. ती मागच्यांना सावध करते, जबाबदारीतून सुटका देत नाही.

१९. टोकाला पोहोचल्यावर पुढे घोड्यावरूनच जाता येते का?

दक्षिणेला येते. बोटॉल्फ्सजवळ डाउन्स लिंकला साउथ डाउन्स वे मिळतो, आणि विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंतच्या त्या 100 मैलांच्या मार्गावरून घोडेस्वारांना सलग जाता येते. उत्तरेला मात्र फसगत होते. सेंट मार्थाज हिलवरून जाणारा नॉर्थ डाउन्स वे हा पुष्कळ भागांत केवळ पायी चालणाऱ्यांचा आहे. नकाशावर तो ठळक दिसतो म्हणून घोडा त्यावर वळवू नये. स्थानिक ब्रायडलवेंची साखळी आधी आखून ठेवावी.

२०. ही रेल्वे पुन्हा सुरू झाली, तर घोडेस्वारांचा हक्क जाईल का?

गिल्डफर्ड आणि हॉर्शम पुन्हा रेल्वेने जोडावेत अशी मागणी अधूनमधून होते. सार्वजनिक मार्गाचा दर्जा असलेली वाट कोणाच्या घोषणेने संपत नाही. ती बंद करण्यासाठी किंवा दुसरीकडे वळवण्यासाठी कायदेशीर आदेश काढावा लागतो आणि त्यावर नागरिकांना हरकत घेता येते. स्वखुशीने दिलेल्या वाटांना (प्रश्न 3) हे संरक्षण नसते. गावाला गाडी परत मिळणे हे चांगलेच आहे, आणि घोडेस्वारांनी त्याला सरसकट विरोध करू नये असे मला वाटते. मात्र तशी योजना आली तर शेजारून समांतर ब्रायडलवे तिच्या पहिल्या आराखड्यातच मागून घ्यावा. पूल आणि भराव बांधून झाल्यावर त्यांच्या कडेने घोड्याच्या रुंदीची जागा मिळत नाही.